सोनिकाच्या उजेडाची थरथर

कुरोड्यांचा चीक अर्धाच शिजला होता आणि फोन वाजला. चीक शिजवताना हात थांबवून चालत नाही. थांबला की तळाला धरतो, मग गाठी फोडता फोडता दुपार होते. म्हणून डाव्या हाताने फोन कानाशी धरला आणि उजव्या हाताने पातेल्यात दांडा फिरवत राहिले. पलीकडून आमची सून सोनिका बोलत होती.

"आई, आपली थर्माकोलची पेटी कुठं आहे?"

"कोणती वं? संघपालच्या वाढदिवसाले आइस्क्रीम आली होती ती?"

"हाव, तीच. बाबांले सांगा ना, माह्या लॅबमध्ये आणून द्या म्हणून. आत्ता."

"आत्ता कसं? इथं चीक शिजून राहिला."

"इथं माझं डोकं शिजून राहिलं, आई."

ती असं बोलली की समजून घ्यायचं, गोष्ट साधी नाही. एरवी ही मुलगी तोंड उघडून काही मागत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी उठून स्वतः घेते.

शेजारच्या गोपिकाबाई साच्याला तेलाचा हात लावत बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला दांडा काढून घेतला. "जाय वं इंदू. तुह्या सुनेचा उजेड विझला असन. इकडचं मी पाहतो."

पेटी माळ्यावर होती. आमच्या ह्यांनी ती उतरवली, झटकली, आणि स्कूटरवर मागे धरून बसायला कोणीतरी लागणारच म्हणून मीही निघाले. पदराला चिकाचा डाग तसाच. बेसा रोडवर उन्हाने नुसती आग लावली होती. मी पेटी मधे धरलेली, आणि हे पुढून म्हणतात, "पेटीनं पाठीले वाराच लागून नाही राहिला."

"समोरून लागते ना?"

"समोरून वारा नाही, भट्टी आहे."

वाटभर माझ्या मनात एकच, की तिच्या परीक्षेचा शनिवार जवळ आला आणि हिचं काम अजून अडलेलंच आहे.

सोनिका उमरेडची. तिचे वडील कोळसा खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. बारावीनंतर ती रोज एसटीने नागपूरला कॉलेजला यायची. त्या दिवसांत उमरेड रोडच्या कडेने कुठल्याशा कंपनीची माणसं नाली खोदून नारिंगी पाइप पुरत होती. एकदा बस पंक्चर झाली. बाकीचे उतारू झाडाच्या सावलीला बसले, आणि ही गेली त्या माणसांपाशी विचारायला, की एवढ्या लांब पाइपात तुम्ही काय घालून राहिले. त्यातल्या एकाने तिला कापून टाकलेला एक तुकडा दिला. काचेचा धागा, केसासारखा. घरी येऊन तिने त्याच्या एका टोकाला टॉर्च लावली, तर दुसऱ्या टोकाला टाचणीच्या टोकाएवढा उजेड उभा. तिच्या आईने काय केलं, तर आधी घरभर झाडू मारला, पायात काच जाईन म्हणून, आणि मग स्वतः तो उजेड पाहायला बसली. हे मला विहिणबाईंनीच सांगितलं.

आम्ही तिला पाहायला गेलो तेव्हाचीही गंमत आहे. आमच्या ह्यांनी सहज विचारलं, "पोरी, तू शिकतेस काय?" पोरीने सांगायला सुरुवात केली ती चहा थंड होईपर्यंत सांगतच राहिली. तिचे वडील खुणा करून थकले. सगळं ऐकून हे म्हणाले, "मंग आमच्या लेआउटमध्ये नेटवर्क काहून जाते?" त्यावर ती इतकी मनापासून हसली की आमच्या मुलाने, संघपालने, तिथेच होकार दिला. आम्हाला विचारलंही नाही त्याने.

लग्नानंतर तिने सकाळी एका खाजगी कॉलेजात शिकवायला आणि दुपारनंतर सरकारी कॉलेजच्या लॅबमध्ये पीएचडीचं काम करायला सुरुवात केली. संघपाल कळमेश्वरच्या एमआयडीसीत पाळीवर असतो, म्हणून घरात बरेचदा आम्ही दोघीच. सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून मी वंदना घेते तेव्हा ती ओल्या केसांनी मागे येऊन बसते. भाकरी तिला आजही गोल जमत नाही. पण तव्यावरची भाकरी कुठल्या बाजूने कच्ची राहील ते ती आधीच सांगते, आणि तशीच राहते. मी म्हणते, एवढं कळते तर सुधारत काहून नाहीस. ती म्हणते, "आई, कळणं आणि हाताले येणं यात लई अंतर आहे. माह्या लॅबमध्येही तेच आहे."

तिचा विषय मला समजला तो विहारात. पौर्णिमेला आमच्या लेआउटमधले आम्ही सगळे पांढरे कपडे घालून सामूहिक वंदनेला जमतो. हल्ली बाहेरगावी गेलेली मुलं-मुली मोबाईलवर जोडून घेतात. त्यांचाही हेतू चांगलाच, पण त्यांचा आवाज येतो तो कधी आपल्या आधी, कधी आपल्या मागून, आणि मग सगळ्यांचीच गडबड. सोनिका माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, हाच माहा विषय. फक्त लई लई बारीक."

वंदना झाल्यावर खीर वाटताना तिने मला बसवून सांगितलं. आपण फोनवर बोलतो, फोटो पाठवतो, ते सगळं शेवटी त्या काचेच्या धाग्यातून उजेडाच्या ठोक्यांनी जातं. ठोका आला तर एक, नाही आला तर शून्य. प्रत्येक ठोक्याची जागा ठरलेली. पण दूर जाता जाता एखादा ठोका जरासा लवकर येतो, एखादा जरासा उशिरा. ही थरथर वाढली की ठोका शेजारच्याच्या जागेवर जाऊन बसतो, आणि घेणाऱ्याला कळत नाही की हा कोणाचा. तिथे चूक होते.

"मंग तू त्याले काय करतेस?" मी विचारलं.

तिने खिरीच्या चमच्याने समोर दाखवलं. आमच्या विहारात बापूजी वंदना सांगतात, म्हातारे आहेत. "बापूजींले मधेच खोकला येते. कधी घाईत पुढं जातात, कधी श्वास घ्यायले थांबतात. पण आपली बायांची रांग त्यांच्या प्रत्येक खोकल्यामागं धावते काय? नाही धावत. रांग बापूजींचंच ऐकते, पण त्यांची चाल ऐकते, खोकला नाही ऐकत. माहा लेझर म्हणजे ती बायांची रांग."

गोपिकाबाई मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपण लेझर आहोत तर. घरी सांगतो आज."

पुढे तिने बाकीचंही सांगितलं. लेझर म्हटल्यावर मला वाटलं होतं बॅटरीसारखी लाल रेघ. तसं नाही. काचेच्या धाग्याचंच एक मोठं कडं, चकरीवर गुंडाळलेलं. त्यात उजेड गोल गोल फिरत राहतो. बाहेरून येणाऱ्या थरथरत्या ठोक्यांवर तो आपली चाल धरतो, एकेका ठोक्याची चूक त्या फेऱ्यांमध्ये विरून जाते, आणि बाहेर पडतात ते नवे, सारखे ठोके. त्या सारख्या ठोक्यांवर मूळचा निरोप पुन्हा बसवायचा, की पुढच्या प्रवासाला तो ताजा. पण त्या कड्याची लांबी केसभर जरी कमी-जास्त झाली तरी चाल सुटते. तेच तिचं दुखणं होतं. होळीपर्यंत सगळं बरं चाललं होतं, आणि उन्हाळा लागल्यापासून चाल टिकेना.

त्यात ही थरथर मोजायचं यंत्र तिच्या कॉलेजकडे नव्हतं. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेने ते काही महिन्यांसाठी दिलं होतं. शनिवारी बाहेरच्या परीक्षक मॅडम येणार, त्यांच्यासमोर हे चालवून दाखवायचं, आणि लगेच ते यंत्र परत जाणार. पीएचडीची मुदत आधीच वाढवून घेतलेली, आणखी वाढणार नव्हती. या शनिवारी जमलं नाही तर तिचं नाव कमी होणार आणि एवढ्या वर्षांचं काम कपाटात जाणार. ती घरात हे एकदाच बोलली, तेही संघपालला डबा भरून देताना, पाठमोरी.

आम्ही लॅबमध्ये पोचलो तेव्हा ती स्टुलावर बसून पडद्याकडे पाहत होती. खोली तळमजल्यावरची. एसी बंद पडून बरेच दिवस झालेले. तक्रार लिहून दिलेली होती आणि ती वर कुठेतरी जाऊन बसली होती. म्हणून तिथल्या रामाजींनी खिडकीत कूलर लावला होता. रामाजी लॅबचे परिचर, निवृत्तीला आलेले. कूलरमध्ये पाणी टाकणं, खसच्या ताट्या बदलणं, सगळं ते आपल्या मनाने करत. आम्हाला पाहून म्हणाले, "या बाबूजी, या ताई. कूलरसमोर बसा. माह्या लॅबमध्ये कोणाले गर्मी होत नाही."

खसचा वास खरंच छान येत होता. मी पदराने तोंड पुसलं आणि बसले.

सोनिकाने ती चकरी थर्माकोलच्या पेटीत ठेवली, धागे बाहेर काढायला बाजूला बारीक भोकं पाडली आणि झाकण लावलं. मग आम्हाला पडद्यावर दाखवलं. सगळे ठोके एकावर एक ठेवले की पडद्यावर डोळ्यासारखा आकार होतो. ठोके सारखे असतील तर डोळा स्वच्छ उघडा. थरथर असेल तर रेघा जाड होतात, डोळा मिटत जातो. आता तो अर्धवट मिटलेला होता. मला तो पाहून विहारातल्या मूर्तीचे डोळे आठवले, पण हिला अर्धे मिटलेले चालणार नव्हते.

आम्ही वाट पाहिली. पेटीने काही झालं नाही. डोळा तसाच चिपडलेला.

"गर्मीनं नाही तर मंग कशानं?" ती स्वतःशीच म्हणाली. "तारा बदलल्या. जोड बदलले. सरांनी पण पाहिलं. सगळं जागच्या जागी आहे आणि हे हलून राहिलं."

मी मनातल्या मनात त्रिशरण म्हणू लागले. दुसरं मला काय येत होतं तिथे.

आणि लाईन गेली.

पंखा थांबला, कूलर घरघरत थांबला, यूपीएस टीं टीं करू लागला. यूपीएसच्या बॅटऱ्या नुकत्याच नव्या टाकल्या होत्या म्हणून टेबलावरचं सगळं चालू राहिलं, नाही तर आधी लाईन गेली की तेही झोपायचं. रामाजी म्हणाले, "गेली." ह्यांनी रुमाल काढला. आणि मी पाहिलं, सोनिका हलत नव्हती. पडद्यावर तो डोळा उघडला होता. अगदी सावकाश, पण पूर्ण.

"कोणी बोलू नका," ती म्हणाली.

 तरी हे थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "लाईन गेल्यावर सुधारते. आपल्या घरी उलटं आहे."

लाईन आली. पंखा फिरला, कूलर सुरू झाला, आणि रेघा पुन्हा जाड झाल्या. सोनिका उठून कूलरजवळ गेली आणि तिने बटण बंद केलं. डोळा उघडला. चालू केलं, मिटला. रामाजींना ते पाहवेना.

"मॅडम, असं घडी घडी केल्यानं मोटर जळते."

"रामाजी, हा कूलर हलते काय?"

"बिलकुल नाही. पाहा ना, आवाज तरी येते काय? आधी लई खडखड करत होता. आता कसा चूप आहे."

आता यात एक सांगायला पाहिजे. नागपुरात मार्चपासून पाऊस येईपर्यंत कूलर कोणाला ऐकूच येत नाही. आपला श्वास आपल्याला ऐकू येतो का, तसंच. बंद पडला तरच लक्षात येतो. म्हणून तिने, तिच्या पीएचडीचे मार्गदर्शक मधुकर सरांनी, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या शिकलेल्या माणसांनी प्रत्येक गोष्ट तपासली आणि कूलरकडे कोणी पाहिलं नाही. बंद करून पाहावा असं या उन्हात कोणाच्या मनात येणार?

सोनिकाने टेबलावर तळहात ठेवला. मग खाली वाकली. मग जमिनीवर बसली आणि टेबलाच्या मागून तिचा आवाज आला, "रामाजी, ही लाकडाची पाचर कशाची?"

कूलरच्या लोखंडी स्टँडच्या आणि टेबलाच्या पायाच्या मधे एक पाचर घट्ट ठोकून बसवली होती.

"ती मीच ठोकली," रामाजी अभिमानाने म्हणाले. "कूलर लावला त्याच दिवशी. तुम्ही एवढं बारीक काम करता, तुमच्या कानाले खडखड नको म्हणून. टेबल भारी आहे ना, त्याचा टेका दिला. तेव्हापासून चूप."

 मग टेबलामागून हसण्याचा आवाज आला. ती जमिनीवर बसल्या बसल्या हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"रामाजी, आवाज गेला नाही. तो टेबलात गेला. तिथून माह्या कड्यात गेला. होळीपासून मी तुमच्या कूलरचीच थरथर मोजून राहिली आहे."

रामाजींचा चेहरा उतरला. ते स्टुलावर बसले आणि टोपी काढून हातात धरली. "म्हणजे माह्यामुळं तुमचं वर्ष..."

"कशाचं वर्ष," ती म्हणाली. "तुम्ही पाचर ठोकली म्हणून तर ती काढता येते. कड्यातच दोष असता तर मी काय काढलं असतं? आता चहा सांगा आधी. आणि हातोडी आणा."

पण खरी गंमत पुढे झाली. आमचे हे खाकरले. "आपल्या घरच्या कूलरले मी तशीच पाचर लावली आहे. दिवाणाले टेकवून."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "तरीच मले उन्हाळाभर झोपेत एसटीत बसल्यासारखं वाटते."

तेव्हा कुठे रामाजी हसले.

पाचर निघाली. कूलर उचलून बाहेरच्या व्हरांड्यात नेला, खाली जुन्या ट्यूबचे रबरी तुकडे घातले, आणि तिथून वारा दारातून आत सोडायचा ठरलं. घरी येताना मी थर्माकोलची पेटी विसरूनच आले असं हे म्हणाले. मी म्हटलं, विसरून नाही आले, ती तिथेच राहणार आहे.

आता वाटलं, झालं. पण कूलर लांब नेऊन बंद ठेवल्यावर ती खोली दुपारनंतर अशी तापू लागली की डोळा पुन्हा मिटू लागला. आता थरथरून नाही, झोप आल्यासारखा, हळूहळू. थरथर गेली होती, पण गर्मीने कडं केसभर वाढत होतं आणि चाल सुटत होती. थर्माकोलच्या झाकणाच्या फटीतून, धाग्यांच्या भोकांतून गर्मी आत जायची. संध्याकाळी सोनिका घरी आली तेव्हा चेहऱ्यावर धूळ, पण बोलणं हलकं.

"आता दुखणं कळलं तरी आहे," ती म्हणाली. "पेटीले वरून काहीतरी जाड पांघरूण पाहिजे. पण नवीन रजई चालत नाही, तिचे तंतू उडतात. एक तंतू जोडावर बसला तरी उजेड अडते."

मग ती थांबली. पाण्याचा पेला हातात फिरवत राहिली. मला कळलं तिला काय मागायचं आहे आणि का मागवत नाही. माझ्याकडे एक गोधडी आहे, माझ्या पौर्णिमेच्या जुन्या पांढऱ्या साड्यांची, मीच शिवलेली. धुऊन धुऊन इतकी मऊ की तिच्यातून आता सूत सुटत नाही. ध्यानाला बसताना मी तीच घालते, दुसऱ्या कोणाला तिच्यावर बसू देत नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी कपाटातून गोधडी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"आई, ती तर तुमच्या..."

"उजेडाचंच काम आहे ना? घेऊन जाय."

हे दारातून म्हणाले, "मशीन आता पौर्णिमेचा उपोसथ धरून राहिली तर. दुपारनंतर तिले जेवायले नका देऊ."

सोनिकाने गोधडी दोन पदरी करून पेटीभोवती गुंडाळली, कडेला नाडीने बांधली. शुक्रवारी ती रामाजींसोबत दुपारभर तिथेच बसली. बाहेर ऊन असं की डांबर मऊ झालेलं, आणि आत डोळा उघडा. तिने मला फोन करून एवढंच सांगितलं, "आई, डोळा जागा आहे." मी समजले.

शनिवारी आम्ही दोघंही गेलो. असं सादरीकरण कोणालाही बसून ऐकता येतं, म्हणून मागच्या बाकावर जागा धरली. लॅबमधली तपासणी झाल्याशिवाय पुढचं भाषण नव्हतं, त्यामुळे आधी सगळे लॅबमध्येच उभे राहिले. परीक्षक मॅडम उंच, चष्मा साखळीला लावलेला, आणि रेशमी साडी. नागपूरच्या एप्रिलची त्यांना कोणी कल्पना दिली नव्हती. मधुकर सर सोनिकाच्या बाजूला उभे राहिले. ते कमी बोलणारे गृहस्थ, पण त्या दिवशी तीनदा रुमालाने चष्मा पुसताना मी पाहिलं.

मॅडमनी आधी गोधडीकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"उष्णतेपासून आणि हादऱ्यांपासून आवरण, मॅडम," सोनिका अगदी सरळ आवाजात म्हणाली. लॅबमधली तिची भाषा वेगळी असते, पुस्तकातली.

मॅडमनी गोधडीचा कोपरा उचलला, उलटून पाहिला. "टाके सुबक आहेत."

मी खाली पाहिलं. ह्यांनी मला कोपराने ढोसलं.

सोनिकाने दाखवायला सुरुवात केली. आधी येणारे ठोके, जसेच्या तसे. पडद्यावर डोळा जाड, बारीक फटीसारखा. मग तिने कडं जोडलं. रेघा एकेक करून बारीक होत गेल्या आणि डोळा उघडला. मॅडम आकडे वाचत होत्या, सर आकडे सांगत होते, थरथर पाचव्या हिश्शाहून खाली आली होती. इतकं सगळं छान चाललं असताना मॅडमनी साडीचा पदर गळ्याशी हलवला आणि म्हणाल्या, "इथे कूलर आहे ना? मग बंद का ठेवलाय? मला फार उकडतंय. लावा तो, आणि मग दाखवा. शेवटी हे प्रत्यक्ष जगात चालायला हवं."

सोनिकाने रामाजींकडे पाहिलं. रामाजींनी सोनिकाकडे पाहिलं. तपासणी होईपर्यंत कूलर लावायचा नाही असं त्या दोघांचं ठरलेलं होतं. व्हरांड्यात नेल्यापासून, रबर घातल्यापासून, तो चालू ठेवून मोजायची दोघांचीही हिंमत झाली नव्हती.  नाही म्हणावं तर मॅडम विचारणार, का नाही. हो म्हणावं तर सगळ्यांसमोर मिटला तर?

"लावा, रामाजी," सोनिका म्हणाली.

रामाजी बाहेर गेले. बटण वाजल्याचा आवाज आला. मोटर घरघरली, पंप सुरू झाला, आणि दारातून खसचा थंड वारा आत आला. मॅडमनी डोळे मिटून तो घेतला. बाकी आम्ही सगळे पडद्याकडे. एका रेघेला क्षणभर जराशी लहर आली असं मला वाटलं. बहुधा ती माझ्याच डोळ्यांतली असेल. डोळा उघडाच राहिला. कूलर चालू, वारा चालू, दारात रामाजी टोपी हातात घेऊन उभे, आणि डोळा उघडा.

मॅडम बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी आता बसून ऐकते. तुमचं बोला."

वंदनेच्या शेवटी म्हणतो तसं मी ओठांतल्या ओठांत साधू, साधू, साधू म्हटलं.

पुढचं भाषण मला फारसं समजलं नाही, पण ती बोलत असताना एकदाही कागदाकडे पाहत नव्हती. प्रश्न झाले, काही कठीण असावेत, कारण सर मधेच पुढे झुकायचे. तिने एका प्रश्नाला "हे मला अजून माहीत नाही" असं उत्तर दिलं आणि मॅडमनी मान हलवून वहीत काहीतरी लिहिलं. शेवटी त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की हे काम पूर्ण झालेलं आहे, आता शेवटचं प्रकरण लिहून प्रबंध सादर करावा. आमच्या ह्यांनी एकट्यानेच टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी वाजवल्या.

व्हरांड्यात रामाजींनी कूलरवर हात ठेवला. "ताई, यानं इज्जत ठेवली आज."

"तुमीनंच ठेवली," मी म्हटलं.

"आता एसी येईन म्हणतात," ते म्हणाले. "पण मी हा काढू देणार नाही. याच्यासमोर पास झाल्या आहेत सोनिका मॅडम."

संघपालला पाळी बदलून मिळाली नव्हती. तो संध्याकाळी हेल्मेट हातात घेऊन धावतच घरात शिरला आणि दारातच विचारलं, "काय झालं?" सोनिका भाकरी थापत होती. तिने मागे न वळता सांगितलं, "झालं." त्याला वाटलं, भाकरीबद्दल सांगून राहिली. मी समजावल्यावर तो तसाच स्वयंपाकघरात गेला, आणि मग आतून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू येत होतं. भाकरी एका बाजूने जळली. आम्ही सगळ्यांनी खाल्ली.

बुद्ध पौर्णिमेला विहारात बापूजींना हे सगळं सांगितलं. त्यांना एवढंच लक्षात राहिलं की त्यांच्या खोकल्यावर कोणीतरी पीएचडी केली. ते सगळ्यांना तसंच सांगतात. सोनिका त्यांना दुरुस्त करत नाही. मी करायला गेले तर म्हणाली, "राहू द्या ना आई, खोटं कुठं आहे पूर्ण?"

शेवटचं प्रकरण तिने आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. आभाराच्या पानावर रामाजींचं नाव आहे, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. ते तिने त्यांना विचारून घेतलं तेव्हा ते म्हणाले म्हणे, "कूलरचं पण टाका." तिने खरंच टाकलं होतं, मग सरांनी काढायला लावलं. आज रात्रीच्या जेवणाआधी तिने शेवटचं पान वाचलं, संगणक बंद केला आणि मला म्हणाली, "आई, उद्या मी लवकर निघतो."

उद्या सकाळी सोनिकाला बर्डीच्या बाजारात जाऊन प्रबंधाच्या प्रती बांधायला टाकायच्या आहेत.